घरी डेव्हलप केलेल्या फिल्मवर वाळताना पडणारे डाग: कारण शोधण्याचा क्रम आणि उपाय

वाळलेला रोल खिडकीच्या उजेडासमोर धरला की निर्दोष वाटतो, आणि तीच पट्टी टेबलावरच्या दिव्याखाली तिरपी केली की चकचकीत बाजूवर पांढरट कडेची वर्तुळे उठून दिसतात. हा दोष मी गेली बारा वर्षे स्वतःच्या आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या रोलवर पाहत आले आहे, आणि दुरुस्तही करत आले आहे. तो एकदा नाहीसा झाला म्हणून कायमचा गेला असे होत नाही, कारण ऋतू बदलला, पाणी बदलले किंवा औषधाची नवी बाटली उघडली की तो परत येऊ शकतो. म्हणून एखादा रामबाण उपाय सांगण्यापेक्षा कारण शोधण्याचा क्रम सांगणे मला जास्त उपयोगाचे वाटते.

शब्दांबद्दल एक खुलासा आधी करते. आपल्याकडे ‘रोल धुणे’ म्हणजे डेव्हलप करणे असा अर्थ रूढ आहे. पुढे मी डेव्हलप करण्याला डेव्हलप करणेच म्हटले आहे; फिक्सरनंतर (म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणानंतर) पाण्यात धुण्याला धुणे, आणि अगदी शेवटच्या पाण्यातून फिल्म काढण्याला विसळणे म्हटले आहे. हे सगळे कृष्णधवल फिल्मबद्दल आहे. रंगीत फिल्मसाठी नियम कुठे वेगळे आहेत ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे चकचकीत बाजूवरची वर्तुळे: मधला भाग स्वच्छ आणि कड खडूसारखी पांढरी. प्रिंटमध्ये किंवा स्कॅनमध्ये ती फिकट ठिपक्यांच्या रूपात येतात, कारण निगेटिव्हवरचा क्षार प्रकाश अडवतो आणि विखुरतो. आकाश, भिंत, चेहऱ्याचा गाल अशा सपाट करड्या भागांत ती लगेच डोळ्यांत भरतात. पस्तीस मिलिमीटरची चौकट 24 बाय 36 मिलिमीटर असते. तिचा 8 बाय 12 इंची प्रिंट काढला की एक मिलिमीटरचा डाग साडेआठ मिलिमीटरचा होतो.

दुसरे लक्षण पट्टीच्या लांबीने उतरलेल्या ओघळांचे. हे ओघळ तेलाच्या तवंगासारखे दिसतात, तिरप्या उजेडात त्यांच्यावर रंगाची झाक असते आणि बोट फिरवले तर किंचित बुळबुळीत लागतात. तिसऱ्या लक्षणात कडेच्या प्रत्येक छिद्राखाली एकेक आखूड ओघळ असतो. चौथ्यात सबंध फिल्मवर बारीक पांढरी भुकटी किंवा सुईसारखे स्फटिक दिसतात.

पाचवे लक्षण मात्र वेगळे आणि जास्त गंभीर आहे. निस्तेज बाजूवर, म्हणजे इमल्शनवर, थेंबाच्या आकाराचा खळगा किंवा कडा दिसतो. तिथे पांढरे काहीच साचलेले नसते, फक्त उजेड वेगळा परावर्तित होतो. हा डाग पुसून जाणार नाही, कारण तो फिल्मवर बसलेला नसून फिल्मच्या आतच झालेला आहे.

वाळतानाचे डाग समजून ज्यांच्यामागे वेळ वाया जातो असेही काही दोष आहेत. डेव्हलपरमध्ये असताना फिल्मला हवेचा बुडबुडा चिकटला तर तेवढी जागा कमी डेव्हलप होते आणि प्रिंटमध्ये नेटका गडद ठिपका येतो. त्यावर उपाय म्हणजे डेव्हलप करायची टाकी ओट्यावर हलके आपटणे, पाणी बदलणे नव्हे. फिक्सर अपुरा पडला तर फिल्म दुधाळ राहते. स्कॅनरच्या काचेला फिल्म टेकली तर इंद्रधनुषी वलये दिसतात आणि पट्टी थोडी सरकवली की तीही सरकतात. वाळतानाचा डाग पट्टीबरोबर जागच्या जागी राहतो.

पहिली तपासणी: डाग कोणत्या बाजूला आहे?

या तपासणीला एक पैसाही लागत नाही, आणि पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले आठ जण ती न करताच नवे औषध किंवा नवे यंत्र विकत घ्यायला निघालेले असतात.

फिल्म स्वभावतः इमल्शनच्या बाजूकडे वळते, म्हणजे पन्हळीची आतली बाजू इमल्शनची असते. शिवाय चकचकीत बाजू आपल्याकडे असताना कडेवरचे आकडे आणि अक्षरे सरळ वाचता येतात. बाजू नक्की झाली की चकचकीत बाजूवर, डागाच्या जागी, तोंडाची हलकी वाफ सोडावी आणि चष्मा पुसायच्या स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने एकाच दिशेने पुसावे. डाग फिका झाला तर तो वरच बसलेला आहे. अजिबात बदलला नाही तर तो चिवट क्षाराचा असेल किंवा इमल्शनच्या बाजूचा असेल, आणि तिरप्या उजेडात पट्टी उलटसुलट करून पाहिल्यावर दोहोंतला फरक कळतो.

इथे 120 आकाराच्या, म्हणजे पस्तीस मिलिमीटरहून रुंद, रोलबद्दल सावध करते. फिल्म वळू नये म्हणून त्यांतल्या पुष्कळ रोलना मागच्या, म्हणजे चकचकीत, बाजूलाही जिलेटिनचा थर दिलेला असतो. त्यामुळे ‘मागची बाजू प्लास्टिकची, ती पुसली तर चालते’ हा नियम तिथे डोळे मिटून लावू नये. ओली असताना तर मुळीच नाही.

बाजू इतकी महत्त्वाची का, हे समजून घेण्यासारखे आहे. मागची प्लास्टिकची बाजू पाणी शोषत नाही. तिच्यावर राहिलेला थेंब कडेकडून आधी वाळतो, आतले पाणी कडेकडे ओढले जाते आणि विरघळलेला क्षार तिथेच साचतो. चहाचा कप उचलल्यावर खाली जी कड राहते, तिची घडण अशीच असते. इमल्शन मात्र जिलेटिनचे असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. त्यावर थेंब राहिला की भोवतालचा भाग वाळून आकसतो, थेंबाखालचा भाग फुगलेलाच राहतो, आणि त्या ताणाने तिथली चांदीची मांडणीच किंचित सरकते. म्हणून मागच्या बाजूचा डाग हा बहुधा पाण्यातल्या क्षाराचा प्रश्न असतो आणि पुढच्या बाजूचा डाग वाळण्याच्या असमान गतीचा.

दुसरी तपासणी: पाणी निथळते कसे?

टाकीतून रीळ, म्हणजे फिल्म गुंडाळलेली खाचांची चकरी, काढल्यावर फिल्म उलगडण्याआधीच रिळासकट दोन-चार हलके झटके देऊन पाणी मोरीत झाडावे. मग फिल्म उलगडून दोन्ही टोके दोन हातांत धरावीत, तिची झोळी होऊ द्यावी, आणि ती किंचित कलती करून पाणी एका कडेने ओघळू द्यावे. यानंतर बहुतेक जण फिल्म सरळ उभी टांगतात. मी पहिली दहा मिनिटे ती तिरपी टांगते. एक टोक उंच आणि दुसरे साधारण पंचेचाळीस अंशांत बाजूला नेऊन कपड्याच्या दोरीला चिमट्याने अडकवावे, आणि फिल्मचा पन्हा उभा राहील, म्हणजे एक कड खाली येईल, असे पाहावे. उभ्या टांगलेल्या फिल्मवर वरच्या थेंबाला खाली पोचण्यासाठी सुमारे दीड मीटरची, सगळ्या चित्रांवरून जाणारी वाट असते. तिरप्या फिल्मवर त्याला फक्त पस्तीस मिलिमीटर सरकून खालची कड गाठायची असते, आणि तिथून तो गळून जातो. छिद्रांखालचे आखूड ओघळ हे ज्यांचे मुख्य लक्षण आहे, त्यांचा प्रश्न अनेकदा एवढ्यानेच सुटतो.

टोकांना प्लास्टिकचे चिमटे लावावेत, आणि खालच्या टोकाला दोन लावावेत म्हणजे फिल्म गुंडाळली जात नाही. लाकडी चिमटा पाणी धरून ठेवतो आणि नंतर ते फिल्मवर सोडतो.

तिसरी तपासणी: फिल्म कुठे वाळते?

पंखा बंद असावा. पंख्याच्या वाऱ्याने धूळ चिकटते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे एक भाग झटकन वाळतो आणि शेजारचा थेंबाखाली ओलाच राहतो. म्हणजे पाचवे लक्षण आपण स्वतः तयार करतो. केस वाळवायच्या यंत्राबद्दलही हेच म्हणेन.

घरात सर्वांत चांगली जागा म्हणजे आंघोळीनंतर तासभर बंद ठेवलेली न्हाणी, कारण वाफेबरोबर धूळ खाली बसलेली असते. मात्र फिल्मवर छतावरून वाफेचे थेंब पडणार नाहीत हे पाहावे. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की फिल्म रात्रभर चिकट राहते. तेव्हा घाई न करता दार बंद ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे आणि पुरती वाळेपर्यंत तिला पिशवीत घालू नये, नाहीतर बुरशीला घर मिळते. विदर्भातल्या मे महिन्यात अडचण उलटी असते: फिल्म पाऊण तासात खडखडीत वाळते, आणि थेंबाला ओघळायलाच वेळ मिळत नाही. तिथे न्हाणीच्या फरशीवर पाणी शिंपडून हवा थोडी ओलसर करावी.

चौथी तपासणी: वेटिंग एजंटचे माप

वेटिंग एजंट पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, म्हणजे पाणी थेंबांत न राहता सलग पडद्यासारखे घसरून जाते. तो क्षार काढत नाही, आणि हे न समजल्यामुळे लोक मात्रा वाढवत जातात. मात्रा वाढली की औषध स्वतःच वाळून तेलकट ओघळ मागे ठेवते, ते पाहून माणूस आणखी औषध घालतो, आणि दुसरे लक्षण पक्के होते.

फोटो-फ्लो 200 या वेटिंग एजंटचे नेहमीचे प्रमाण दोनशे भाग पाण्याला एक भाग औषध असे आहे. अर्धा लिटर पाण्याला अडीच मिलिलिटर लागते आणि तीनशे मिलिलिटरच्या टाकीला दीड. बाटलीच्या टोपणाने हे माप येत नाही. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली पाच मिलिलिटरची सिरिंज आणावी आणि ती याच कामासाठी राखून ठेवावी. एवढे लहान माप जमत नसेल तर एक भाग औषध नऊ भाग डिस्टिल्ड पाण्यात मिसळावे आणि या मिश्रणाचे पंचवीस मिलिलिटर घेऊन त्यात पाणी घालून एकूण अर्धा लिटर करावे. हे मिश्रण मात्र थोडेच करावे, कारण पातळ केलेल्या औषधात काही आठवड्यांत शेवाळासारखे धागे धरतात आणि ते धागे फिल्मवर येऊन चिकटतात. इतर उत्पादनांचे प्रमाण त्यांच्या बाटलीवर वाचावे. एकाचे प्रमाण दुसऱ्याला लावू नये.

भांड्यांच्या द्रवसाबणाचा थेंब चालतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यात रंग, सुगंध आणि मीठ असते, आणि ते सगळे फिल्मवरच वाळते. माझा सल्ला स्पष्ट आहे: वेटिंग एजंट मिळाला नाही तर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात विसळून फिल्म तिरपी टांगावी, साबण वापरू नये.

विसळताना फिल्म रिळावरून काढून, वेगळ्या वाडग्यात, अर्धा ते एक मिनिट बुडवावी. डेव्हलप करायच्या टाकीत आणि रिळावर हे औषध नेले तर ते प्लास्टिकच्या खाचांत साचते, पुढच्या वेळी रिळावर फिल्म अडकत चढते आणि डेव्हलपरला फेस येतो.

रंगीत फिल्मच्या सी-41 प्रक्रियेत शेवटचे द्रावण हे निव्वळ वेटिंग एजंट नसते. रंग आणि जिलेटिन टिकवण्याचे कामही त्याच्याकडे असते. त्यामुळे त्यानंतर फिल्म पुन्हा पाण्यातून काढू नये. ते द्रावण मात्र डिस्टिल्ड पाण्यातच कालवावे.

पाचवी तपासणी: शेवटचे पाणी

माझ्या अनुभवात मागच्या बाजूच्या पांढऱ्या वर्तुळांचे खरे कारण बहुतेक वेळा इथेच असते, म्हणून इथे जरा थांबते.

पुण्याच्या कडेच्या एका सोसायटीत मी राहते. वर्षातले आठ-नऊ महिने आम्हाला धरणाचे पाणी मिळते आणि माझ्या निगेटिव्हवर डाग नसतात. एप्रिल उजाडला की टँकर सुरू होतात, आणि टँकरमध्ये बोअरचे पाणी असते. सलग तीन वर्षे उन्हाळ्यातले रोल डागाळले आणि तिन्ही वेळा मी दोष वेटिंग एजंटच्या बाटलीला दिला. चौथ्या वर्षी स्टीलची थाळी पालथी घालून तिच्यावर ड्रॉपरने सहा थेंब ठेवले: नळाचे, टँकरचे, आरओचे, बाटलीबंद पिण्याचे, डिस्टिल्ड, आणि औषध घातलेले डिस्टिल्ड. दुपारभर थाळी झाकून ठेवली. संध्याकाळी टँकरच्या थेंबाच्या जागी हातभर अंतरावरूनही दिसेल असे पांढरे कडे होते, नळाच्या थेंबाचे पुसट होते, आरओच्या आणि बाटलीबंद पाण्याच्या थेंबांची कड तिरप्या उजेडात दिसत होती, आणि डिस्टिल्डची जागा शोधावी लागली. औषध घातलेला थेंब पसरून पातळ झाला होता आणि त्याची फक्त किंचित झाक उरली होती. ही चाचणी प्रत्येकाने आपल्या घरी करावी. काच किंवा वाया गेलेल्या निगेटिव्हची पट्टी घेतली तरी चालेल.

शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकतो: ज्यात साबणाला फेस येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपणारे बोअरचे पाणी हे क्षार बरोबर घेऊन येते. गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेवर बसणारा पांढरा थर त्यांचाच. लंडनमध्ये राहणारा माझा मावसभाऊ किटलीतला थर दर महिन्याला व्हिनेगरने काढतो. तिथले पाणी खडूच्या खडकातून येते आणि त्याच्या निगेटिव्हवरही अगदी हीच वर्तुळे पडत होती.

पाणी पिण्यायोग्य आहे म्हणून ते फिल्मला योग्य ठरत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 10500 या मानकात विरघळलेल्या एकूण घटकांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत मुभा आहे. एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब धरले, तर 500 च्या पाण्याचा एक थेंब वाळल्यावर 0.025 मिलिग्रॅम क्षार मागे राहतो. आकडा लहान दिसतो, पण तो सगळा एका बारीक कडेत गोळा होतो. विरघळलेले घटक मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 5 दाखवणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याच्या थेंबात त्याचा शंभरावा भाग असतो.

सबंध धुणे डिस्टिल्ड पाण्यात करण्याची गरज नाही. धुण्याला नळाचे पाणी चालते. फक्त शेवटचे दोन हात बदलायचे: धुऊन झाल्यावर एकदा नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात, आणि मग औषध घातलेल्या डिस्टिल्ड पाण्यात. पहिला हात टाळू नये, कारण रिळाच्या खाचांत अडकलेले नळाचे पाणी त्याशिवाय फिल्मबरोबर शेवटच्या वाडग्यात उतरते. एका रोलला एक लिटर पुरते. वापरलेले पाणी बाटलीत भरून पुढच्या रोलसाठी ठेवू नये.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणी चालते, पण प्रत्येक नवी बाटली थेंबाच्या चाचणीने किंवा टीडीएस मीटरने तपासावी, कारण लेबल तेच असूनही आतले पाणी बदललेले मला आढळले आहे. आरओचे पाणी नळापेक्षा बरे, तरी अनेक घरगुती यंत्रांत चवीसाठी खनिजे परत मिसळण्याची सोय असते. उकळल्याने दुष्फेनतेचा काही भागच जातो. तुरटीने गाळ खाली बसतो, क्षार जात नाही, उलट तुरटीचा क्षार वाढतो. घराला सॉफ्टनर बसवलेला असेल तर तो कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. फेस चांगला येतो, पण पाण्यातला एकूण क्षार कमी होत नाही. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मीटरवर उत्तम दिसते, तरीही ते धूळ आणि बुरशी घेऊन आलेले असते, आणि मीटर या दोन्ही गोष्टी मोजत नाही.

सहावी तपासणी: धुणे पुरेसे झाले का?

भुकटी किंवा सुईसारखे स्फटिक दिसत असतील तर बहुधा हायपो, म्हणजे फिक्सरमधले रसायन, आत राहिलेला आहे. याची खूण सोपी आहे: हायपो पाण्यात विरघळतो, दुष्फेन पाण्याचा थर विरघळत नाही. एक डागाळलेली पट्टी साध्या पाण्यात वीस मिनिटे ठेवून, डिस्टिल्डमधून काढून वाळवावी. डाग गेला तर दोष धुण्यात आहे किंवा औषधाच्या मात्रेत. जसाच्या तसा राहिला तर तो पाण्याच्या क्षाराचा.

इलफर्ड या फिल्म बनवणाऱ्या कंपनीने सुचवलेली पद्धत कमी पाण्यात काम करते: टाकी पाण्याने भरून पाच वेळा उलटसुलट करावी आणि रिकामी करावी, पुन्हा भरून दहा वेळा, आणि तिसऱ्यांदा भरून वीस वेळा. ती हार्डनर (इमल्शन कडक करणारे रसायन) नसलेल्या फिक्सरसाठी आहे. मी टँकरच्या दिवसांत एक फेरी जास्त करते.

पाण्याचे तापमानही इथेच तपासावे. गच्चीवरच्या टाकीतले पाणी मे महिन्यात हाताला कोमट लागते. त्यात जिलेटिन जास्त फुगते, जास्त पाणी धरते आणि असमान वाळते. डेव्हलपर 20 अंशांचा आणि धुण्याचे पाणी 34 अंशांचे असा फरक पडला तर इमल्शनला बारीक सुरकुत्याही पडू शकतात, आणि त्या कशानेही जात नाहीत. बादलीत बर्फाची बंद पिशवी ठेवून सगळी पाणी दोन-तीन अंशांच्या आत आणावीत.

सातवी तपासणी: पुसणे

रबरी पात्याचा चिमटा किंवा स्पंज फिरवून पाणी काढण्याची पद्धत मी जाणूनबुजून इतकी खाली ठेवली आहे. ओले इमल्शन नखाच्या स्पर्शानेही खरवडले जाते, आणि पात्यात अडकलेला वाळूचा एक कण पहिल्या चित्रापासून छत्तिसाव्यापर्यंत सरळ रेघ ओढत जातो. डाग कधीतरी धुऊन काढता येतो, रेघ येत नाही. वरच्या सहा तपासण्या नीट झाल्यावर पुसण्याची गरज मला गेल्या कित्येक वर्षांत पडलेली नाही. कुणाला पुसायचेच असेल तर औषधात भिजवलेल्या स्वच्छ बोटांनी, फक्त मागच्या बाजूने, एकदाच.

पडलेला डाग काढणे

मागच्या बाजूचा डाग आधी वाफ आणि मायक्रोफायबरने, आणि तेवढ्याने न गेल्यास 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने काढावा. फिल्म पूर्ण वाळलेली असावी, खिडकी उघडी असावी आणि जवळपास शेगडी किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. हात निर्जंतुक करायचे द्रव वापरू नये. त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि ते नवा डाग देते.

चिवट पांढरा थर आम्लात विरघळतो. कृष्णधवल फिल्म साध्या पाण्यात दहा मिनिटे भिजवून, सुमारे दोन टक्के ॲसेटिक ॲसिडच्या द्रावणात, म्हणजे डेव्हलप होणे थांबवायच्या नेहमीच्या स्टॉप बाथमध्ये, दोन-तीन मिनिटे हलवत ठेवावी, मग पुन्हा पूर्ण धुऊन डिस्टिल्ड आणि औषधातून काढावी. स्टॉप बाथ नसेल तर चार टक्क्यांचे साधे पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच डिस्टिल्ड पाणी मिसळावे. आधी एका बिनमहत्त्वाच्या पट्टीवर करून पाहावे. रंगीत फिल्मवर हे करू नये.

इमल्शनच्या बाजूच्या खळग्यावर एकच प्रयत्न करण्यासारखा आहे: 20 अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवून जिलेटिन सगळीकडे सारखे फुगू द्यावे आणि मग वाऱ्याविना, तिरपे टांगून वाळवावे. डाग ताजा असेल तर तो पुष्कळदा फिका होतो. पूर्ण जाईलच अशी खात्री मी देणार नाही.

कुठे थांबावे

पुन्हा भिजवण्याचा प्रयोग एकदाच करावा. त्याने काही सुधारले नाही तर दुसऱ्यांदा करू नये, कारण प्रत्येक फुगण्या-आकसण्यात इमल्शन कमजोर होते. भिजवताना कडेला इमल्शन सुटताना, सुरकुतताना किंवा बोटाला चिकट लागताना दिसले, तर फिल्म चोळू नये, ओढू नये; सावकाश बाहेर काढून टांगावी आणि तिथेच थांबावे.

लग्न, बाळाचे पहिले दिवस, आता हयात नसलेली माणसे अशा पुन्हा न मिळणाऱ्या चित्रांवर घरी रसायनाचा प्रयोग करूच नये. आजोबांच्या ट्रंकेतल्या निगेटिव्हना आंबट व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो डाग नसून फिल्मचा पायाच विघटित होत आहे. ती भिजवू नये, इतरांपासून वेगळी ठेवावी. 1950 च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती अतिशय ज्वालाग्राही असते. तिला उष्णता, दिवा, अल्कोहोल यांच्याजवळ आणू नये आणि थेट जतनतज्ज्ञाला विचारावे.

बाकीच्यांसाठी काम जाणणारी लॅब पुरते. तिथे द्रवात बसवून स्कॅन करण्याची सोय आहे का, हे आधी विचारावे. त्या द्रवाने मागच्या बाजूचे ओरखडे आणि पातळ डाग भरून निघतात आणि चित्रात येत नाहीत. इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून डाग आपोआप काढण्याची स्कॅनरमधली सोय चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, कारण ती चांदीलाच धूळ समजते. म्हणून त्या सोयीसाठी जास्त पैसे देऊ नयेत. निगेटिव्ह देताना पट्ट्या नव्याने कापू नयेत, आणि एका चिठ्ठीवर लिहून द्यावे: डाग कोणत्या बाजूला आहे, शेवटचे पाणी कोणते होते, वेटिंग एजंट कोणता आणि किती घातला, आणि डाग काढण्यासाठी आतापर्यंत काय काय करून पाहिले.